चूक दिसतेय, पण रेकॉर्ड दुसऱ्या कॉलेजने केलंय

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणाऱ्या ताई तालुक्याच्या गावातल्या एका सीनियर कॉलेजात सहायक ग्रंथपाल आहेत. त्यांच्या संस्थेची सात कॉलेजं आणि गावातलं एक जुनं सार्वजनिक वाचनालय असे आठजण मिळून एकच कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर वापरतात, म्हणजे सर्व्हर एक, कॅटलॉग एक, पुस्तकाचं रेकॉर्ड एक आणि त्याखाली ज्याच्या त्याच्या प्रती. जुनी बहुतेक रेकॉर्ड्स संस्थेतल्या सगळ्यात मोठ्या कॉलेजच्या ग्रंथपाल सरांनी केलेली आहेत. ताईंना त्यात चुका दिसल्या म्हणून त्यांनी तीन ठिकाणी दुरुस्ती केली. एका कादंबरीचं प्रकाशन वर्ष १८८५ होतं, पुस्तकात 'शके १८८५' छापलेलं आहे म्हणून ते १९६३ केलं. १९३४ सालच्या एका लेखसंग्रहाच्या नावात 'कांहीं' होतं ते 'काही' केलं. आणि एका कादंबरीची दोन रेकॉर्ड्स होती, नाव, लेखक, प्रकाशक तेच, एकात पानं २१२ आणि एकात २४८, ती डुप्लिकेट समजून मर्ज केली. कोणाला सांगितलं नाही, कारण "दुरुस्तीच तर होती, त्यात सांगण्यासारखं काय". दोन आठवड्यांनी सरांनी वर्ष आणि नाव दोन्ही पूर्ववत केलं आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांसमोर लिहिलं की आमच्या कॉलेजच्या नोंदींना परस्पर हात लावू नये, ज्याने त्याने आपलं बघावं. मर्ज केलेलं मात्र तसंच पडलंय. ताईंकडे अजून वहीभर चुकांची यादी आहे, त्यात कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर एक करायचं कामही आहे. त्या विचारतात, आता गप्प बसू, की आमच्या प्रतींसाठी आमची वेगळी रेकॉर्ड्स बनवू, की संस्थेकडे तक्रार करू?

ताई, आधी तुमच्या दुसऱ्या पर्यायाबद्दल बोलते, कारण पत्राचा सूर बघता तुम्ही तो उद्याच सुरू कराल अशी मला भीती वाटतेय. आमची वेगळी रेकॉर्ड्स, हे कृपा करून करू नका. वरवर तो सभ्य मार्ग वाटतो, ना भांडण ना वाद, त्यांचं त्यांच्याकडे आणि आपलं आपल्याकडे. पण त्याची झळ ना सरांना लागणार ना तुम्हाला, ती लागणार तुमच्या काउंटरवर येणाऱ्या पोराला. तो ओपॅकवर, म्हणजे वाचकांसाठीच्या ऑनलाइन कॅटलॉगवर शोधतो, त्याला एकाच पुस्तकाची दोन रेकॉर्ड्स दिसतात, तो पहिल्यावर क्लिक करतो, तिथे सगळ्या प्रती इश्यू झालेल्या, तो रिझर्व्ह टाकून निघून जातो. ते रिझर्व्ह फक्त त्या एका रेकॉर्डखालच्या प्रतींवर लागतं. दुसऱ्या रेकॉर्डखालची प्रत कपाटात रिकामी उभी असते आणि सिस्टिमला या दोघांचा संबंध माहीतच नसतो. आठ जणांनी एकत्र येऊन कॅटलॉग केला तोच मुळी हे होऊ नये म्हणून. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयांसाठी जी पाच सूत्रं मांडली त्यातलं चौथं वाचकाचा वेळ वाचवण्याचं आहे, परीक्षेसाठी आपण सगळ्यांनीच ते पाठ केलंय, आणि समाईक कॅटलॉगमधलं प्रत्येक जाणूनबुजून केलेलं डुप्लिकेट हे थेट त्या सूत्राच्या विरोधात जातं.

आता तुमच्या तीन दुरुस्त्या. पत्रात तुम्ही तिन्हींना 'चुका' म्हटलंय आणि एकाच दमात सांगितलंय, पण मला त्या तीन अगदी वेगळ्या गोष्टी वाटतात, आणि तुमचा बराचसा प्रश्न इथेच सुटेल असं मला वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वर्षाची दुरुस्ती बरोबर होती, शंभर टक्के. शके १८८५ म्हणजे इसवी सन १९६३, शकात ७८ मिळवायचे. फक्त एक बघा, पुस्तकात महिना दिलाय का? माघ किंवा फाल्गुन असेल तर ७९ मिळवावे लागतात, म्हणजे १९६४, कारण शकाचं वर्ष चैत्रात सुरू होतं. पौष असेल तर तो डिसेंबर-जानेवारीच्या सांध्यावर येतो, तिथे तिथी बघावी लागते. महिना दिलेलाच नसेल तर वर्ष चौकटी कंसात टाकून '१९६३ किंवा १९६४' असं लिहिणं जास्त प्रामाणिक. शिवाय असल्या पुस्तकात अजून एक पुरावा बऱ्याचदा बसलेला असतो तो म्हणजे किंमत. आपल्याकडे दशमान नाणी १९५७ ला आली आणि १९६४ च्या मध्यापर्यंत पैशाला अधिकृतपणे 'नया पैसा' म्हणायचे, त्यामुळे मागच्या पानावर 'तीन रुपये पन्नास नये पैसे' असं काही छापलेलं असेल तर ते पुस्तक १८८५ सालचं नाही हे कोणालाही वेगळं पटवायला नको. हे सगळं तुमच्या हातात होतं, पण ते सरांपर्यंत गेलं का? त्यांना स्क्रीनवर काय दिसलं, की १८८५ होतं त्याचं कोणीतरी १९६३ केलं. कशावरून केलं ते कुठेच नाही. जुनं दुर्मिळ पुस्तक आपल्याकडे आहे अशी त्यांची समजूत असणार आणि कोणीतरी एका फटक्यात त्याची ऐंशी वर्षं कमी केली असं त्यांना वाटलं असणार.

'कांहीं'ची दुरुस्ती मात्र मी परत फिरवली असती. तुमचा हेतू स्वच्छ आहे, मला कळतं, आपल्याला लहानपणापासून लाल शाईने शिकवलंय की असे अनुस्वार चूक. पण ते चूक ठरले शासनाने १९६२ साली मान्य केलेल्या शुद्धलेखनाच्या नियमांनी, त्याआधी छापलेल्या पुस्तकात ते त्या काळचं रीतसर लेखन आहे. आणि २४५ च्या फिल्डमध्ये, म्हणजे रेकॉर्डमधल्या पुस्तकाच्या नावाच्या रकान्यात, आपण आपलं शुद्धलेखन लिहीत नाही, शीर्षकपानावर जे छापलंय ते उतरवून घेतो. पुस्तक हातात घेतलेल्या माणसाला ते आणि रेकॉर्ड एकच आहे हे पटायला हवं, बस, एवढ्यासाठीच ते फिल्ड आहे. तुमची अडचण खरी आहे की आजचा विद्यार्थी 'काही' टाइप करून शोधणार आणि त्याला ते सापडणार नाही. त्यासाठी २४६, म्हणजे नावाच्या वेगळ्या रूपांचा रकाना, आहे ना, तिथे आजच्या लेखनातलं नाव वाढवा, सर्चला दोन्ही सापडतील, आणि कोणाचं काही पुसलं जाणार नाही. वाढवून काम होत असेल तर बदलू नये, ही समाईक कॅटलॉगमधली मला सगळ्यात आवडणारी रीत आहे.

आणि मर्ज. इथे मला तुमच्यापेक्षा सरांची बाजू जास्त पटते, हे स्पष्टच सांगते. २१२ पानं आणि २४८ पानं, हा फरक छत्तीस पानांचा आहे, तो टायपिंगचा नसणार. मराठी प्रकाशनात नुसत्या पुनर्मुद्रणालाही 'तिसरी आवृत्ती' म्हणायची पद्धत आहे, त्यामुळे आवृत्तीचा आकडा बघून वेगळं रेकॉर्ड करावं की नाही हा प्रश्न आपल्याला नेहमी पडतो, आणि आकडा वेगळा पण आतला मजकूर अक्षरशः तोच असेल तर एकाच रेकॉर्डवर भागवणं मलाही योग्य वाटतं. पण पानं बदलली म्हणजे एकतर मजकूर नव्याने जुळवला, किंवा लेखकाने काही वाढवलं, किंवा प्रस्तावना-परिशिष्ट जोडलं. ती दोन वेगळी पुस्तकं असण्याची शक्यता मोठी आहे, आणि पहिली आवृत्ती मुद्दाम शोधत येणारा पीएचडीचा विद्यार्थी आता ती शोधूच शकत नाही. आयएसबीएन जुळला तरी भरवसा ठेवू नका, नव्या आवृत्तीवर जुनाच नंबर छापलेला मिळतो, एकेकदा तर दुसऱ्याच पुस्तकाचा मिळतो. मर्ज करण्यापूर्वी ज्यांच्या ज्यांच्याकडे प्रती आहेत त्यांनी प्रत्येकाने आपली प्रत कपाटातून काढून बघायला हवी, तुम्हाला फक्त तुमची दिसते. आणि वर्ष बदललं तर ते परत बदलता येतं, मर्ज एका बटनाने परत फिरत नाही. म्हणून सगळ्यात आधी हेच निस्तरा. उडालेल्या आवृत्तीचं रेकॉर्ड नव्याने करा, त्या त्या कॉलेजकडून कोणत्या बारकोडच्या प्रती त्या आवृत्तीच्या आहेत ते विचारून घ्या, आणि 'अटॅच आयटम' वापरून त्या त्याखाली आणा.

म्हणजे तीनपैकी एक दुरुस्ती बरोबर, एक अनावश्यक आणि एक धोक्याची. हे तुम्हाला खाली पाडायला सांगत नाहीये. तुम्ही पुस्तक उघडून बघता, शके आणि सनातला फरक ओळखता, वहीत यादी ठेवता, असे ग्रंथपाल आपल्याला फार हवेत आणि ते टिकायला हवेत. पण 'चूक दिसली' या वाक्यात आपण बऱ्याच गोष्टी एकत्र भरतो. खरी चूक असते, वेगळ्या प्रतीचं वर्णन असतं, जुन्या नियमाने केलेलं बरोबर काम असतं, आणि आपल्याला न आवडणारी पण चालण्यासारखी पद्धत असते. हात लावण्याआधी यातलं हे कुठलं, एवढा एक प्रश्न स्वतःला विचारायचा.

आता सरांबद्दल. तुम्ही लिहिलंय की त्यांचा इगो दुखावला. थोडा दुखावला असेलही, ग्रुपवर सगळ्यांसमोर लिहायला नको होतं हे मला मान्य आहे, त्यांनी तुम्हाला फोन करायला हवा होता. पण त्यांच्या खुर्चीत बसून बघा. कार्ड कॅटलॉग आणि दाखल नोंदवह्या बघून हजारो पुस्तकं कॉम्प्युटरवर चढवण्याचं काम त्यांनी केलं तेव्हा मदतीला बहुधा दोन-तीन पोरं आणि डेडलाइन होती, पुस्तक उघडून शीर्षकपान बघायला वेळ कुठला, नोंदवहीत १८८५ लिहिलंय ना, मग तेच टाका. ते काम त्यांनी केलं म्हणून आज तुमच्या कॉलेजला आयतं रेकॉर्ड मिळतं आणि तुम्ही फक्त प्रत जोडता. त्यात साठा पडताळणी आली की त्यांच्या यादीत २१२ पानांच्या पुस्तकाऐवजी २४८ पानांचं दिसतं, कॉलेजचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची टीम येणार असते, उत्तर त्यांना द्यायचं असतं. कोहा आपणहून कोणाला कळवत नाही की तुमचं रेकॉर्ड अमक्याने बदललं, लॉग उघडून बघावा लागतो. त्यामुळे त्यांच्या दृष्टीने कोणीतरी रातोरात बांध कोरला. आपण सगळे एकत्र आहोत असं संस्थेने सांगितलं असलं तरी एकमेकांशी कसं वागायचं हे कोणी ठरवून दिलेलं दिसत नाही, आणि खरी उणीव मला ती वाटते.

त्यांचं एक म्हणणं मात्र मला मान्य नाही, आणि ते मी तुमच्या बाजूने ठामपणे सांगेन. 'आमच्या कॉलेजच्या नोंदी' असं काही समाईक कॅटलॉगमध्ये नसतं. प्रत त्यांची आहे, तिचा बारकोड, कॉल नंबर, किंमत, कुठल्या कपाटात आहे, कोणी भेट दिली, आतली पानं फाटलीत का, हे सगळं त्यांचं, आणि त्याला तुम्ही खरंच हात लावायचा नाही. ते आयटममध्ये असतं, कोहात ९५२ ला. त्याच्या वरचं पुस्तकाचं वर्णन मात्र कोणी एकाने टाइप केलं म्हणून त्याचं होत नाही, आठही जण ते वापरतात आणि ते बरोबर असण्याची जबाबदारी आठही जणांची आहे. गंमत अशी की गल्लत दोन्ही बाजूंनी होते. एखाद्या रेकॉर्डच्या ५०० मध्ये, म्हणजे टिपांच्या रकान्यात, 'माजी प्राचार्यांकडून सप्रेम भेट' असं लिहिलेलं सापडतं, ती टीप एका प्रतीबद्दल आहे पण आठही ठिकाणी दिसते, तिची जागा खाली आयटममध्ये. तुमच्या यादीत असं काही असेल तर ते पुसू नका, ज्या कॉलेजचं आहे त्यांना सांगून त्यांच्या प्रतीकडे हलवा. तसंच वर्गांकाचं. तुम्ही मराठी कादंबरी ड्यूईच्या वर्गीकरण पद्धतीप्रमाणे ८९१.४६३ ला ठेवता आणि दुसरं कॉलेज पुढे लेखकाची अक्षरं वेगळ्या पद्धतीने लावतं, तर ते ज्याच्या त्याच्या कॉल नंबरात राहू दे, पुस्तकांच्या पाठीवर लेबलं चिकटलेली आहेत, त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही.

हा प्रश्न फक्त तुमच्या संस्थेचा नाही, जगभरचा आहे, आणि बाकीच्यांनी त्यावर काय केलं ते बघण्यासारखं आहे. अमेरिकेत ओएलसीसी या ग्रंथालयांच्या सहकारी संस्थेचा समाईक ऑनलाइन कॅटलॉग १९७१ पासून सुरू आहे, आज आपण त्याला वर्ल्डकॅट म्हणून ओळखतो. तिथे बराच काळ दुसऱ्याचं रेकॉर्ड सरसकट कोणालाही बदलता येत नसे, चूक दिसली तर कळवायची, सोबत शीर्षकपानाची कॉपी जोडायची, आणि तिकडची माणसं तपासून बदल करायची. निवडक अनुभवी ग्रंथालयांना पुढे जास्त अधिकार दिले गेले. मग २००९ मध्ये त्यांनी सहा महिन्यांचा प्रयोग केला, पूर्ण दर्जाच्या सगळ्या सदस्य ग्रंथालयांना बहुतेक रेकॉर्ड्स सुधारायची मुभा दिली, आणि प्रयोग संपल्यावर ती कायम ठेवली. म्हणजे दरवाजा उघडला, पण सोबत शिस्त आली. एका पुस्तकाचं रेकॉर्ड बदलून दुसऱ्या पुस्तकाचं करायचं नाही. बरोबर असलेलं केवळ आपल्या आवडीसाठी बदलायचं नाही. आणि बदल करणाऱ्या ग्रंथालयाची खूण रेकॉर्डवर राहते, मार्कमध्ये, म्हणजे या आकडेवार रकान्यांच्या साच्यात, ०४० या फिल्डच्या डी सबफिल्डमध्ये, म्हणजे मूळ कोणी केलं आणि नंतर कोणाकोणाचा हात लागला ते सगळ्यांना दिसतं. मूळ करणाऱ्याचं नाव पुसलं जात नाही, हे मला त्यातलं फार महत्त्वाचं वाटतं. तुमच्या सरांनी केलेल्या रेकॉर्डवर त्यांच्या कॉलेजचा कोड पहिला आणि तुमचा त्यानंतर असं असेल तर 'माझं काम कोणीतरी ढापलं' ही भावना निम्मी कमी होते.

मग तुम्ही काय करावं? माझं मत असं की सगळ्या दुरुस्त्यांना एकच नियम लावू नका. उघड टायपिंगची चूक असेल, 'विद्यापीठ'चं 'विद्यपीठ' झालंय, तर सरळ दुरुस्त करा, ०४० ला कोड टाका, विचारत बसू नका, त्यासाठी फोन केला तर समोरचाही वैतागेल. पुस्तक हातात घेऊन सिद्ध होणारी चूक, म्हणजे वर्ष, लेखकाचं नाव, पानं, प्रकाशक, ती दुरुस्त करा पण त्याच दिवशी कळवा, फोटोसकट, आणि फोटो घेताना शीर्षकपान आणि त्याची मागची बाजू दोन्ही घ्या. दुरुस्तीमुळे ते रेकॉर्ड कोणत्या पुस्तकाचं आहे हेच बदलणार असेल, आवृत्ती, खंड, मर्ज, डिलीट, तर आधी विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा, मग आठवडा लागो की महिना. आणि पद्धतीचे प्रश्न, ते दोघांनी ठरवायचेच नाहीत. जुन्या पुस्तकांच्या बाबतीत, १९५० च्या आधीचं काही असेल तर शं. ग. दाते यांची मराठी ग्रंथसूची उघडून बघा, पहिला भाग १८०० ते १९३७ आणि पुढचा १९५० पर्यंतचा आहे, तुमच्या गावच्या जुन्या वाचनालयात मिळायची शक्यता चांगली आहे, आणि 'मला वाटतं' यापेक्षा 'ग्रंथसूचीत असं दिलंय' हे वाक्य ज्येष्ठ माणसाला पटकन ऐकावंसं वाटतं.

कळवायचं कुठे? ग्रुपवर नाही. तिथे आठजण आणि बहुधा एखादे प्राचार्यही असतात, दाखवलेली चूक खरी असली तरी माणूस बचावात जातो. ज्याचं रेकॉर्ड त्याला वैयक्तिक मेसेज. सरांनी वर्ष एकदा उलटवलंय, म्हणून त्यांच्याबाबतीत तो बदलण्याआधीच पाठवा, असा काहीसा: "सर, नमस्कार. अमुक नंबरच्या रेकॉर्डला वर्ष १८८५ आहे. आमच्याकडच्या प्रतीत शके १८८५ छापलंय आणि किंमत नये पैशांत आहे, फोटो जोडलेत. तुमच्याकडची प्रतही हीच आहे का एकदा बघाल का? तसं असेल तर मी वर्ष १९६३ करते, बाकी काही बदलत नाही." यात कुठेही 'चूक' हा शब्द नाही, 'तुम्ही' केलंत असंही नाही. त्यांची प्रत खरोखर वेगळी निघू शकते, त्याला जागा ठेवलीये. आणि शेवटचं वाक्य विसरू नका, आपण नेमकं किती बदलणार हे आधी सांगितलं की समोरच्याची निम्मी काळजी जाते. तुमच्या कोहाची आवृत्ती नवी असेल तर त्यात 'कॅटलॉग कन्सर्न्स' नावाची सोय आहे, रेकॉर्डवरूनच शंका नोंदवता येते आणि ती निस्तरली की बंद करता येते. सिस्टिम बघणाऱ्या माणसाला ती चालू करायला सांगा, मग हे मेसेज फोनमध्ये हरवणार नाहीत.

काही गोष्टी अशा आहेत की त्यात चांगल्या हेतूने खूप नुकसान होतं, त्या सांगून ठेवते, तुमच्यासाठी आणि हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठीही. झेड ३९.५० वरून, म्हणजे दुसऱ्या ग्रंथालयाच्या कॅटलॉगमधून रेकॉर्ड उतरवायच्या सोयीने, रेकॉर्ड आणून आधीच्या रेकॉर्डवर चढवणं, हा मोह फार होतो कारण तिकडचं रेकॉर्ड भरगच्च दिसतं. पण मराठी पुस्तकाचं रेकॉर्ड लायब्ररी ऑफ काँग्रेसमधून आणलंत तर ते बहुतेक वेळा रोमन लिपीत असतं. त्यांचं दिल्लीत १९६२ पासून ऑफिस आहे, तिथून आपली पुस्तकं तिकडे जातात, त्यांचं काम उत्तम आहे पण ते त्यांच्या वाचकांसाठी आहे. ते तुम्ही आपल्या देवनागरी रेकॉर्डवर चढवलंत की नाव रोमन होतं, वर कोणीतरी मेहनतीने टाकलेले मराठी विषय उडतात, आणि दुसऱ्या दिवशी देवनागरीत शोधणाऱ्याला पुस्तक नाहीच. विषयशीर्षकांचंही तसंच, दुसऱ्याने टाकलेलं तुम्हाला फालतू वाटलं तरी काढू नका, चुकीचं नसेल तर शेजारी तुमचं वाढवा, त्यांच्या प्राध्यापकांनी मागितलेलं असू शकतं.

आणि एक न दिसणारी गोष्ट. 'ऱ्य' असलेले शब्द, दऱ्या, सुऱ्या, वाऱ्यावर, हे युनिकोडमध्ये दोन प्रकारे टाइप होतात, एकात नुक्त्याचा ऱ असतो, दुसऱ्यात साधा र आणि झीरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखे, सर्चला वेगळे असू शकतात. तुम्ही एका पद्धतीने दुरुस्त करता, दुसऱ्या कॉलेजात कोणी वेगळा कीबोर्ड वापरून परत टाइप करतं, आणि दोघांनाही कळत नाही की समोरचा माझं का बदलतोय. हे रेकॉर्ड-रेकॉर्ड करून सुटणार नाही, आठहीजणांनी एक पद्धत ठरवून सिस्टिमवाल्याकडून एकगठ्ठा करून घ्यायला हवं. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणताना झालेल्या मोडतोडीलाही हेच लागू.

ज्यांनी रेकॉर्ड्स केलीत त्या ज्येष्ठांपैकी कोणी हे वाचत असेल तर त्यांनाही हात जोडून एक सांगायचंय. तुमचं रेकॉर्ड कोणी उघडून पुस्तकाशी ताडून बघतंय याचा अर्थ तुमचं काम वापरलं जातंय. धाकट्या सहकाऱ्याने परस्पर बदल केला आणि तो तुम्हाला पटला नाही तर तो उलटवण्याआधी त्याला विचारा कशावरून केलंस, सगळं एका झटक्यात जुनं करू नका, त्यात बरोबर झालेलंही जातं, इथे वर्षाचं तेच झालं. आणि ग्रुपवर रागवायच्या आधी फोन करा, ती मुलगी पुढची पंचवीस वर्षं हा कॅटलॉग सांभाळणार आहे.

संस्थेकडे तक्रार, हा तुमचा तिसरा पर्याय, आत्ता तरी नको. वर गेलं की तो ग्रंथालयाचा विषय राहत नाही, कोण कोणाच्या वर याचा होतो, आणि निर्णय असा येण्याची भीती असते की यापुढे एडिटचे अधिकार फक्त एका कॉलेजला. मग तुमच्या वहीतली यादी वहीतच राहील. तक्रारीऐवजी मागणी करा, सगळ्या ग्रंथपालांची सहा महिन्यांतून एक मीटिंग, आणि त्यातून एक पानभर नियम, कोणती दुरुस्ती थेट, कोणती कळवून, कोणती विचारून. ही मागणी तुमच्या एकटीच्या नावाने जाऊ नये, सार्वजनिक वाचनालयाच्या ग्रंथपालांना आधी बोलून सोबत घ्या, ते कोणत्याही कॉलेजच्या उतरंडीत बसत नाहीत त्यामुळे त्यांचं म्हणणं सरांना टोचणार नाही. सरांनी मेसेजला उत्तरच दिलं नाही तर? एकदा आठवण करा, मग त्यांच्या कॉलेजला जाऊन या, पुस्तक सोबत घेऊन. तरीही नाही म्हणाले तर ते रेकॉर्ड सोडून द्या, मीटिंगच्या यादीत टाका आणि पुढचं घ्या. बाकीच्या सहा ठिकाणांच्या नोंदी आहेतच.

कुसुमाग्रज आणि शिरवाडकरांचं काम मीटिंगसाठीच राखून ठेवा, त्याला आत्ता हात लावू नका. माणूस एकच हे सगळ्यांना माहीत आहे, पण कविता त्यांनी कुसुमाग्रज या नावाने छापल्या आणि नाटकं-कादंबऱ्या वि. वा. शिरवाडकर या नावाने, आणि आजचे आंतरराष्ट्रीय नियम अशी दोन नावं दोन ओळखी म्हणून वेगळी ठेवून एकमेकांकडे 'हेही पहा' असा निर्देश द्यायला सांगतात. दुसरीकडे काही ग्रंथालयं वर्षानुवर्षं सगळं एकाच नावाखाली लावत आलीत आणि त्यांच्या वाचकांना तीच सवय आहे. यात कोणी चुकलेलं नाहीये, फक्त आठही ठिकाणी एकसारखं हवं. शिवाय ते बदलायचं झालं तर ऑथॉरिटी रेकॉर्डमध्ये, म्हणजे लेखकाचं ठरलेलं नाव जिथे एकदाच नोंदवलेलं असतं तिथे, बदलावं लागतं, आणि तिथे एक बदल केला की त्याला जोडलेली सगळी पुस्तकं सगळ्या ब्रँचमध्ये एकदम बदलतात, त्यामुळे आधी साताठ टोपणनावांची यादी करून घेऊन जा, प्रत्येकापुढे सध्या कॅटलॉगमध्ये काय काय रूपं आहेत ते लिहा, नाव पूर्ण की आद्याक्षरं हेही त्यात येईल, आणि निर्णय सगळ्यांकडून करून घ्या.

वहीतलं बाकीचं मात्र थांबवायचं कारण नाही. आधी ते मर्ज निस्तरा, मग शके-सनाच्या चुका घ्या, त्या पुराव्याने सहज सिद्ध होतात आणि विद्यार्थ्यांना त्यांचा त्रास सर्वात जास्त होतो कारण वर्षाने शोधणाऱ्याला ते पुस्तक भलत्याच शतकात दिसतं. पहिली दोन-तीन सरांनाच पाठवा, फोटो स्वच्छ काढून, आणि एखाद्या रेकॉर्डमध्ये त्यांनी दिलेला वर्गांक किंवा टीप तुम्हाला खरोखर उपयोगी पडली असेल तर तेही त्याच मेसेजमध्ये लिहा.